स्वतःची गाडी परदेशात नेताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी कायद्याची आणि सुरक्षिततेची तयारी

ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून स्वतःची गाडी परदेशात न्यायची म्हटले, तर व्यवहारात दोन वाटा आहेत. एक वाट रस्त्याने नेपाळ किंवा भूतानला जाते आणि दुसरी उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातून, कंटेनरमधून समुद्रापलीकडे जाते. दोन्ही वाटांची तयारी वेगळी असली, तरी एक तत्त्व दोन्हींना लागू पडते. गाडीत असलेली प्रत्येक वस्तू भारतातील मोटार वाहन कायद्यात बसली पाहिजे, गाडीच्या कागदांशी जुळली पाहिजे आणि जिथे जायचे त्या देशात तिला परवानगी असली पाहिजे. या तिन्हींपैकी एकही बाजू लंगडी असेल, तर ती वस्तू कितीही उपयोगाची वाटली तरी घरीच ठेवावी. त्यामुळे आधी मार्ग ठरवावा, मग त्या मार्गावरील देशांचे नियम वाचावेत आणि खरेदीला त्यानंतरच बाहेर पडावे. अनेक जण नेमके उलट करतात. टपावरचा तंबू आणि झगझगीत दिवे आधी बसवून घेतात आणि कागदपत्रांचा विचार शेवटच्या महिन्यात सुरू करतात.

आधी काय काढावे

गाडी सज्ज करण्याची सुरुवात वस्तू जोडण्याने नव्हे, तर काढण्याने करावी. पुढच्या बंपरवर बसवलेला लोखंडी गार्ड हा पहिला मानकरी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि असे गार्ड या कलमाचा भंग करतात असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी धडकेच्या वेळी गाडीच्या पुढच्या भागाने चेपून धक्का शोषून घेणे अपेक्षित असते, आणि गार्ड त्या रचनेतच अडथळा आणतो. पादचाऱ्याला होणारी इजाही त्याने वाढते. काचांवर काळी फिल्म असेल तर तीही उतरवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशानंतर ती भारतातच चालत नाही. कर्कश किंवा अनेक सुरांचे हॉर्न आणि बाजारातून आणून बसवलेले जादा प्रखर दिवे यांनाही हाच न्याय लावावा.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडे वळावे. स्पीड कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा स्वित्झर्लंडमध्ये बाळगणेही गुन्हा आहे आणि फ्रान्स व जर्मनीतही तिच्या वापरावर बंदी आहे. मोबाइलमधील नकाशाच्या ॲपमध्ये ही सोय असेल तर ती बंद करावी. डॅशकॅमबाबत ऑस्ट्रियाचे नियम इतके कडक आहेत की सीमेआधीच तो काढून डिकीत ठेवणे शहाणपणाचे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे निर्जन प्रदेशात खरोखर जीव वाचवू शकतात. परंतु भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळांवर त्यावरून प्रवाशांना अडवलेले आहे. असे उपकरण आवश्यकच असेल, तर ते भारतात आणूच नये. परदेशातील प्रवास जिथे सुरू होतो त्या देशात, तिथला नियम पाहून भाड्याने घ्यावे.

सीएनजी गाडी ठाणे-नवी मुंबईत घरटी दिसते, पण समुद्रापलीकडच्या प्रवासासाठी ती न निवडलेलीच बरी. पुढे गॅस मिळेलच याची खात्री नसते, कंटेनरमध्ये दाबाखालील गॅसची टाकी हा वेगळा प्रश्न होतो आणि इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्राखालील बोगद्यातून गाड्या वाहून नेणारी रेल्वे गॅसवरच्या गाड्या घेत नाही.

कागद आणि गाडी यांचा मेळ

आरसीची मूळ प्रत जवळ असलीच पाहिजे. डिजिलॉकरमधील प्रत आपल्याकडे मुंब्रा बायपासवर चालते. परदेशी सीमेवरचा अधिकारी ती ओळखत नाही. गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र घ्यावे. गाडी वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल आणि चालवणारा दुसरा असेल, तर मालकाचे नोटरी केलेले अधिकारपत्र सोबत ठेवावे आणि संबंधित देशाला अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणपत्र, लागते का, हे त्याच्या वकिलातीकडून विचारून घ्यावे.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, आपण राहतो त्या भागाच्या आरटीओकडून मिळतो. सारथी पोर्टलवर नमुना ४-अ मध्ये अर्ज करावा लागतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची असते. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात सहभागी असल्याने हा परवाना त्या कराराच्या नमुन्यात दिला जातो. मूळ परवान्याशिवाय त्याला अर्थ नाही, दोन्ही एकत्र बाळगावेत. चीनसारखे देश तो मानत नाहीत. तिथे तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो. नेपाळ आणि भूतानमध्ये मात्र भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. नेपाळच्या सीमेवर भन्सार, म्हणजे कस्टम्सच्या, कार्यालयात गाडीची नोंद करून जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरावे लागते, आणि ती पावती परत येईपर्यंत जपावी लागते.

विम्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपल्या नेहमीच्या विमापत्रात भौगोलिक क्षेत्र म्हणून फक्त भारत लिहिलेला असतो. जादा हप्ता भरून ते क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांपर्यंत वाढवता येते. ही वाढ निघण्यापूर्वी लेखी स्वरूपात पदरात पडली पाहिजे, एजंटच्या फोनवरील आश्वासनावर विसंबून राहू नये. युरोपातील ग्रीन कार्ड पद्धतीत भारत नाही, म्हणून तिकडे प्रवेश करताना सीमेवर मिळणारा स्थानिक विमा विकत घ्यावा लागतो. तो बहुधा फक्त तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीपुरता असतो. आपल्या गाडीचे नुकसान त्यातून भरून निघेल असे समजू नये.

आता कारनेटविषयी, कारण गाडीवर काय बसवायचे याचा निर्णय इथेच बांधला जातो. कारनेट म्हणजे गाडीचा जणू पासपोर्टच. ही गाडी तात्पुरती आली असून परत नेली जाईल, आणि न नेल्यास आयात शुल्क भरले जाईल, अशी त्यामागे हमी असते. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था तो देते आणि त्यासाठी गाडीची किंमत व मार्गावरील देश पाहून मोठी रक्कम हमी म्हणून ठेवावी लागते. मुदत एक वर्ष. युरोपीय संघात पर्यटकाने तात्पुरत्या आणलेल्या गाडीला त्याची गरज पडत नाही, पण इराणसारख्या देशांत त्याशिवाय गाडी आत जात नाही. कारनेटच्या मुखपृष्ठावर चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग आणि आसनसंख्या तर असतेच, शिवाय म्युझिक सिस्टीम, स्टेपन्यांची संख्या आणि इतर जोडसामान यांसाठीही रकाने असतात. म्हणून जादा स्टेपनी, टपावरचा तंबू, गाडीतला फ्रिज असे जे काही न्यायचे आहे ते आधी बसवून घ्यावे आणि त्यानंतरच कारनेटचा अर्ज भरावा. कागदावर एक स्टेपनी आणि गाडीत दोन, असे चित्र दिसले की कस्टम्सचा अधिकारी संपूर्ण गाडी रिकामी करायला सांगू शकतो, आणि ते त्याच्या अधिकारात असते. इंजिन क्रमांक मात्र आरसीवरून उतरवून घेऊ नये. टॉर्च लावून इंजिनवर कोरलेला आकडा स्वतः वाचावा, मोबाइलवर त्याचा फोटो काढावा आणि मग अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

देशाचे चिन्ह

आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील भारताचे चिन्ह म्हणजे रोमन लिपीतील आय, एन, डी ही तीन अक्षरे. ती पांढऱ्या लंबवर्तुळावर काळ्या रंगात, निदान ८० मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाडीच्या रेषेत असावीत, आणि तीन अक्षरे असल्यामुळे ते लंबवर्तुळ किमान २४० मिलिमीटर रुंद व १४५ मिलिमीटर उंच असावे, असे १९४९ च्या कराराचे परिशिष्ट सांगते. गाडीच्या मागच्या बाजूला, नंबर प्लेटपासून वेगळे असे ते चिकटवावे. आपल्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटवर डाव्या बाजूला निळ्या रंगात हीच अक्षरे असतात. ती फार लहान असल्यामुळे त्यांनी हे काम भागत नाही. नंबर प्लेट कुठल्याही रेडियमवाल्याकडून करून घेतलेली नसून अधिकृतच असावी, हे वेगळे सांगायला नको.

हेडलाइट: थोडे सविस्तर

भारत, नेपाळ, भूतान, इंग्लंड, थायलंड, मलेशिया येथे वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालते, त्यामुळे तिथे दिव्यांना हात लावण्याचे कारण नाही. संयुक्त अरब अमिराती, ओमान, इराण, चीन, मध्य आशिया आणि इंग्लंड-आयर्लंडसारखे मोजके अपवाद वगळता युरोप येथे ती उजवीकडून चालते, आणि तिथे आपले हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

यामागचे कारण स्वतः डोळ्यांनी पाहता येते. सोसायटीच्या आवारात सपाट जागी, भिंतीपासून साधारण पाच मीटरवर गाडी उभी करावी, टायरमधील हवा बरोबर आहे याची खात्री करावी आणि रात्री लो बीम लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी सरळ दिसते आणि डावीकडे तिरकी वर चढते. ही चढ मुद्दाम ठेवलेली असते, कारण आपल्याकडे रस्त्याची डावी कडा, तिथला पादचारी आणि फलक यांवर उजेड पडायला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशात हीच डावी बाजू समोरून येणाऱ्या गाड्यांची असते. चढ कुठून सुरू होते तिथे भिंतीवर खडूने खूण करावी. नंतर दिव्याच्या काचेवर लावायचे बीम डिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या पारदर्शक चकत्या, सोबतच्या आकृतीप्रमाणे चिकटवून पाहाव्यात आणि भिंतीवरची चढ नाहीशी झाली की नाही ते खडूच्या खुणेशी ताडावे. एकदा जागा निश्चित झाली, की काचेवरील त्या जागेचा फोटो घेऊन चकत्या काढून ठेवाव्यात, कारण भारतातील रस्त्यांवर त्या लावून चालवणे तितकेच चुकीचे आहे.

काळी चिकटपट्टी लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. हल्लीच्या दिव्यांचे आवरण प्लॅस्टिकचे असते आणि हॅलोजन बल्बच्या उष्णतेने पट्टीखाली ते खराब होऊ शकते, म्हणून मी तो सल्ला देणार नाही. एलईडी किंवा प्रोजेक्टर दिवे असतील, तर आधी गाडीची पुस्तिका पाहावी. काही गाड्यांत उजवी-डावी वाहतूक बदलण्याची सोय दिव्यातच दिलेली असते. डॅशबोर्डवर दिव्याची उंची बदलणारी चकती असते, तिचाही उपयोग शिकून घ्यावा. मागे सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि योग्य बसवलेला दिवाही वर जातो. पोलंड, चेक प्रजासत्ताक, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क अशा अनेक देशांत दिवसाही दिवे लावून चालवणे सक्तीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

उजव्या स्टिअरिंगची गाडी उजवीकडून चालणाऱ्या रस्त्यावर नेली, की चालक रस्त्याच्या कडेच्या बाजूला बसतो. पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरचे काहीच दिसत नाही. इथे उपकरणापेक्षा शेजारी बसणाऱ्याची तयारी अधिक कामाची. “आता थांब” आणि “जा” हे दोनच शब्द ठरवून घ्यावेत आणि शंका असेल तेव्हा ओलांडूच नये. डाव्या आरशावर रुंद कोनातून दाखवणारा छोटा गोल आरसा जरूर लावावा.

आणीबाणीचे साहित्य

धोक्याचा त्रिकोण आपल्याकडे नव्या गाडीबरोबर मिळतो आणि बहुतेकांच्या गाडीत तो स्टेपनीखाली तसाच पडून राहतो. युरोपात न्यायच्या त्रिकोणावर वर्तुळातील ई अक्षर आणि त्यापुढे अंक, अशी मान्यतेची खूण असावी. फ्रान्समध्ये तो गाडीच्या मागे निदान ३० मीटरवर ठेवायचा असतो, जर्मनीत गावाबाहेरच्या रस्त्यावर साधारण १०० मीटरवर. मात्र महामार्गावर तो ठेवायला जाणेच धोक्याचे वाटत असेल, तर माणसांनी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहणे अधिक महत्त्वाचे.

रेडियमचे जॅकेट फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया येथे सक्तीचे आहे. कायदा एका जॅकेटवर थांबत असला तरी माणशी एक घ्यावे. महत्त्वाची गोष्ट ही की ते हाताशी, म्हणजे सीटखाली किंवा दारातील कप्प्यात ठेवावे. डिकीत ठेवलेले जॅकेट काढण्यासाठी जॅकेटविना भर रस्त्यात उतरावे लागते, आणि मग ते घेण्याचा हेतूच उरत नाही.

प्रथमोपचार पेटी जर्मनी आणि ऑस्ट्रियात आवश्यक आहे. जर्मनीत ती डीआयएन १३१६४ या मानकाची लागते. ग्रीस, बल्गेरिया आणि तुर्कस्तानात अग्निशामकही लागतो. एक किलोचा कोरड्या पावडरीचा अग्निशामक पुरतो, पण तो चालकाच्या सीटपुढे पक्क्या ब्रॅकेटमध्ये बसवावा, कारण धडकेच्या वेळी सुटा सिलिंडर गोळ्यासारखा उडतो. जर्मनीत बाराव्या वर्षापर्यंतच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मान्यताप्राप्त बालआसनाशिवाय बसवता येत नाही. तिथल्या अनेक शहरांत आत शिरण्यासाठी प्रदूषणाचे हिरवे चिन्हही काचेवर लागते. आपली गाडी भारत स्टेज ६ ची असली तरी ते वेगळे मागवावे लागते, म्हणून उत्सर्जनाचा दर्जा सांगणारे गाडीच्या कंपनीचे पत्र आधीच मागून ठेवावे.

वजन, टायर आणि थंडी

सगळे सामान भरून झाले, टाकी पूर्ण भरली आणि जाणारी सर्व माणसे बसली, की गाडी महापे किंवा कळंबोलीच्या बाजूच्या एखाद्या वजनकाट्यावर न्यावी. काटेवाल्याला सांगून आधी संपूर्ण गाडीचे, मग फक्त पुढच्या चाकांचे आणि नंतर फक्त मागच्या चाकांचे वजन घ्यावे. तिन्ही आकडे गाडीच्या पुस्तिकेतील किंवा दाराच्या खांबावरील पट्टीवरील मर्यादांशी ताडावेत. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस (ॲक्सल) ओव्हरलोड झालेला असणे अगदी नेहमीचे आहे. टपावर किती भार चालतो हे पुस्तिकेत वेगळे लिहिलेले असते आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते; टपावरचा कडक कवचाचा तंबू एकटाच साधारण ५० ते ७० किलोचा भरतो, हे पाहता पुष्कळ गाड्यांना तो पेलतच नाही. माझ्या मते लहान एसयूव्हीवर तंबू नकोच.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. निघताना पाचही टायर एका वयाचे आणि एका मापाचे असावेत. हल्लीच्या अनेक गाड्यांबरोबर लहान मापाची, ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेची स्टेपनी येते. लांबच्या प्रवासात ती अपुरी पडते. हिवाळ्यात जर्मनी किंवा ऑस्ट्रियात जायचे असेल, तर हिवाळी टायर लागतात, जर्मनीत तीन शिखरे व हिमकण अशी खूण असलेले, आणि ते तिकडेच घेणे सोपे.

ठाण्यात काचेच्या वॉशरच्या टाकीत आपण नळाचे पाणी भरतो. शून्याखालच्या तापमानात ते गोठते आणि टाकी तडकते. ते काढून गोठणरोधक द्रव भरावा, कूलंटचे प्रमाण तपासावे आणि उन्हाळी डिझेलची टाकी घेऊन थंड प्रदेशात शिरू नये, कारण त्यातील मेण जमून फिल्टर बंद होतो. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाडीला कमी गंधकाचेच डिझेल लागते; मार्गावरील प्रत्येक देशात ते मिळते का, हे मार्ग आखतानाच पाहावे.

यानंतर पूर्ण भरलेली गाडी कसारा किंवा माळशेज घाटात चढवून-उतरवून आणावी. पट्टे ढिले पडतात का, ब्रेक तापून वास येतो का, वळणावर गाडी किती झुकते, हे घाटात लगेच कळते.

न्हावा शेव्यात

वीस फुटी कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर आणि रुंदी सुमारे २.३४ मीटर असते. कॅरिअरसकट गाडीची उंची टेपने मोजूनच बुकिंग करावे. टाकी जवळजवळ रिकामी ठेवावी लागते, बॅटरीची जोडणी काढावी लागते आणि चाकांना लाकडी पाचरी ठोकून गाडी पट्ट्यांनी चारही बाजूंनी बांधली जाते. बांधणी चालू असताना सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, स्वतः हजर राहावे आणि पट्टे चाकांतून किंवा ओढण्याच्या हुकातून घेतले आहेत, बंपरमधून नाहीत, हे पाहावे. अग्निशामक, गॅसचे सिलिंडर, इंधनाचा कॅन आणि मोठी लिथियम बॅटरी हा धोकादायक माल ठरतो. सीएचएला, म्हणजे कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटला, न सांगता यांतले काहीही आत ठेवू नये. अग्निशामक उतरल्यावर तिथेच विकत घ्यावा.

खाऊच्या डब्यांकडेही लक्ष द्यावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते, म्हणजे घरचे अनारसे आणि खसखस घातलेला मसाला तिथल्या जेबेल अली बंदरात उतरवणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. कोडीन असलेले खोकल्याचे औषध प्रथमोपचार पेटीतूनही काढावे.

प्रत्येक देशात शिरताना कारनेटचे प्रवेशाचे पान आणि निघताना निर्गमनाचे पान शिक्का मारून घ्यावे लागते. निर्गमनाचा शिक्का राहिला, तर त्या देशाच्या दृष्टीने गाडी अजून तिथेच असते आणि शुल्काची मागणी हमीच्या रकमेवर येते. जाताना न्हावा शेव्यात दाखल केलेल्या शिपिंग बिलाची प्रत जपावी, कारण गाडी परत आल्यावर कस्टम्स तिचे क्रमांक त्यावरूनच ताडते. सगळे शिक्के पूर्ण असलेला कारनेट देणाऱ्या संस्थेकडे परत केल्यावरच हमीची रक्कम मोकळी होते.